पचमढीची तयारी

आईचं मनगट मोडलं त्या संध्याकाळी आम्ही पचमढीला जायचं ठरवत होतो.

वर्ध्याला लागून नालवाडीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाबा मोजणी खात्यात नकाशे काढायचे. शेतांचे बांध, पांदणवाटा, विहिरी, नाले हे सगळं ते इतक्या बारीक हातानं कागदावर उतरवायचे की त्यांचं काम पाहायला शेजारच्या कचेरीतली माणसं यायची. जन्मभर सपाट काळ्या जमिनीचे नकाशे काढणाऱ्या या माणसाला डोंगराचं वेड होतं. मार्च लागला की सुटीच्या सहलीसाठी ते घरी सातपुड्याचा नकाशा काढायला घेत. डोंगर तपकिरी, रेल्वेची काळी रेघ, आणि देनवा, तवा, नर्मदा निळ्या शाईनं. दरवर्षी नवा कागद, कारण जुना कधी धड राहत नसे.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, धाकटी बहीण सहाची. आम्ही दोघी नकाशाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि बाबा रुळाच्या टोकानं रस्ता दाखवत होते. रूळ म्हणजे रेघा मारायचा गोल, काळा, शिसवी दांडका. कचेरीतला जुना रूळ त्यांनी घरी आणला होता. "वर्धा ते नागपूर. नागपूरहून इटारसी. तिथं गाडी बदलाची. मंग पिपरिया. तिथून मोटारीनं वर."

आई कणीक मळता मळता उठून आली. "त्या रस्त्यानं घाट हाय का जी? धाकटीले मोटार लागते."

"हाय ना. हे पाह्य," बाबा म्हणाले. ते खुशीत होते. आई पाहायला वाकली आणि तिच्या ओल्या बोटांवरून एक थेंब देनवेवर पडला. निळी शाई पसरली. तपकिरी डोंगरात शिरली.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी रूळ उचलला आणि नकाशाजवळ टेकलेल्या तिच्या हातावर मारला. एकदाच. कोवळी काकडी मोडावी तसा आवाज झाला. आई मटकन खाली बसली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा हात असावा तशी.

बाबांनीच तिला सायकलवर पुढं बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगितलं, विहिरीवर घसरली. आईनंही तेच सांगितलं. सिंदीहून मामा बघायला आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं, आणि आम्हा दोघींना कोणी न सांगताच आम्हीही तेच सांगितलं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबांनी स्वतः पोळ्या केल्या, जाड आणि करपलेल्या, आणि आईला हातानं भरवल्या. ते घास आठवले की मला आजही शिसारी येते. आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते पाहून मला फार बरं वाटलं होतं.

त्या वर्षी जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नकाशा निघाला.

बाबा एरवीही मारायचे. भाजीत मीठ कमी म्हणून, सायकलची किल्ली जागेवर नाही म्हणून. पण ते मारणं पावसासारखं होतं, आलं आणि गेलं. सहलीची आखणी म्हणजे मात्र ठरलेली वेळ. जेवणाआधी आम्ही हातपाय धुऊन, पुसून, कोरडे करून नकाशाभोवती बसायचं आणि बाबा विचारायचे.

"देनवा कोनात मिळते?"

"तवामंधी."

"तवा?"

"नर्मदेत."

"इटारसीले गाडी किती वेळ थांबते?"

चुकलं की रूळ. पंज्यावर, घोट्यावर, कधी पाठीच्या मणक्यावर. उत्तर लवकर दिलं तर म्हणत, "पाठ केलं का वं, डोकं नाई का लावता येत?" आणि तेव्हाही रूळ. उशिरा दिलं तर ते गप्प बसत, आणि त्या गप्प बसण्यात धाकटी चड्डीत मुतायची. एकदा तिनं तवेला तापी म्हटलं. बाबांनी तिचा कान धरून तिला उभं केलं, आणि कान सोडायचं विसरल्यासारखे पुढचा रस्ता सांगत राहिले. कानाच्या पाळीखालून रक्त मानेवर उतरलं तेव्हा आई म्हणाली, "पोरगी हाय जी, बकरी नोहे." त्या वाक्यासाठी तिचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं. भिंतीचा चुना तिच्या केसांत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फणीनं काढला.

असं पाच वर्षं चाललं. दरवर्षी काहीतरी मोडायचं आणि जाणं राहायचं.

आता जे सांगायचं ते मी फार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. एका उन्हाळ्यात दुपारी आई-बाबा पिपरी मेघेला एका लग्नाला गेले होते. आम्ही दोघी घरी होतो. खेळायला काही नव्हतं. मी म्हटलं, चाल, आपण सहल-सहल खेळू. बाबांचा रूळ मी घेतला, पाटीवर खडूनं डोंगर काढले आणि धाकटीला समोर बसवलं. ती हसत होती. मी विचारलं, "देनवा कोनात मिळते?" ती म्हणाली, "तुह्या भांड्यात."

मी मारलं. खेळात नाही, खरं मारलं. भुवईच्या वर लागलं आणि कातडी फाटली. तिच्या डोळ्यात रक्त आलं, ते तिनं मुठीनं पुसलं, आणि मला आठवतं, माझा हात पुन्हा वर गेलेला होता. त्या हाताला मजा वाटत होती. दुसरा फटका मी तिच्या खांद्यावर दिला. मग ती रडली नाही म्हणून तिसरा दिला. ती भिंतीला पाठ लावून माझ्याकडे पाहत होती. बाबांकडे आम्ही जसं पाहायचो, तसंच.

संध्याकाळी आईनं विचारलं, काय लागलं? मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "झुल्यावरून पडली."

आईनं हळद दाबली. तिला कळलं असणार, कारण तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. फक्त रूळ उचलून दोन हातांत धरून थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा जागेवर ठेवला.

ऐंशीच्या दशकाचं ते पहिलं-दुसरं वर्ष असेल. माझी मॅट्रिकची परीक्षा झाली आणि त्या वर्षी बाबांनी खरोखरच तिकिटं काढली. पचमढीच्या विश्रामगृहासाठी कचेरीतून चिठ्ठी आणली. निघायच्या दिवशी सकाळी घरात लगीनघाई होती. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. आई जमिनीवर गुडघे टेकून होल्डॉल बांधत होती, पण गादीची वळकटी जाड झाली होती आणि पट्टा शेवटच्या भोकापर्यंत पोचत नव्हता.

"आवळ ना वं. गाडी का तुह्या बापाची हाय थांबाले?"

"आवळून राह्यली जी."

"गुडघा ठेव त्याच्यावर."

तिनं गुडघा ठेवला. पट्टा सुटला आणि बक्कल उडून बाबांच्या नडगीवर लागलं. बाबांनी बुटासकट तिच्या बरगडीत लाथ मारली. ती कुशीवर पडली. दुसरी लाथ पोटात. तिसऱ्या लाथेला त्यांनी पाय मागं घेतला, आणि दारातून मामाचा आवाज आला, "अरे!"

मामा सिंदीचा शेतकरी. आईपेक्षा मोठा, उंच, बोलायला मवाळ. प्रवासासाठी मामीनं केलेले तिळाचे लाडू घेऊन तो सकाळच्या गाडीनं आला होता. लाडवांचा डबा त्याच्या हातून पडला. एवढ्या वर्षांत त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्याच्यापासून लपवलं होतं.

त्यानं बाबांना मानेला धरून अंगणात ओढलं. पहिल्या ठोशाला बाबांचा चष्मा गेला, दुसऱ्याला दात. बाबा म्हणाले, "हा माह्या घरचा मामला हाय," आणि मामानं त्याच तोंडावर पुन्हा मारलं. बाबा उठायला गेले की तो पाडायचा. कपडे वाळत घालायची बांबूची काठी त्यानं उपसली आणि ती मोडेपर्यंत मारली, पाठीवर, मांड्यांवर, डोकं झाकलेल्या हातांवर. इस्त्रीचा सदरा मातीत आणि रक्तात भिजला. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली. कोणी मधे पडलं नाही. माझ्या शेजारी धाकटी उभी होती. मी तिचा हात धरला होता, आणि माझ्या तोंडून आलं, "अजून मारा." मोठ्यानं आलं. बाबांनी वर पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बस झालं दादा. मरन तो."

बाबांना ती नेहमी 'ते' म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा 'तो' म्हणाली.

मामा थांबला. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं होतं. तो ओट्यावर बसून रडायला लागला. बाबा मातीतच बसले होते, तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. आई आत गेली, बरगडीला एक हात धरून दुसऱ्या हातानं होल्डॉलचा पट्टा ओढला, दातांनी बक्कल लावलं आणि बाहेर येऊन बाबांना विचारलं, "गाडी किती वाजता हाय?"

त्यांनी वेळ सांगितली. दात नसल्यानं शब्द नीट फुटला नाही, तर पुन्हा सांगितली.

आम्ही निघालो. बाबांचं डोकं तपासायला शेजारचे कंपाउंडर आले होते, त्यांना आई म्हणाली, "तुमी पाहा त्यायले." नागपूरपर्यंत पॅसेंजर होती. मामा आमच्याबरोबर बसला. डब्यात लोक त्याच्या सदऱ्यावरच्या रक्ताकडे पाहत होते. सेलू रोड गेल्यावर त्यानं विचारलं, "हातही त्यानंच मोडला व्हता का?"

"हो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू हेच केलं असतं म्हनून."

सिंदी आलं. मामा म्हणाला, "येऊ का संगं?" आई म्हणाली, "नको. तू उतर. बोट दाखव डाक्टरले." तो उतरला आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून राहिला.

आई याआधी नागपूरच्या पुढं कधी गेली नव्हती. इटारसीला गाडी कुठं बदलायची ते आम्हा दोघींना झोपेतही सांगता आलं असतं, त्यामुळं चुकलो नाही. विश्रामगृहातल्या माणसानं चिठ्ठी वाचून विचारलं, "साहब कहाँ हैं?" आई म्हणाली, "काम आ गया उनको." त्यानं खोली उघडून दिली. रात्री अंथरुणावर पडताना तिनं ओठ चावला. डाव्या अंगाला बरगड्यांवर काळंनिळं पसरलं होतं, बुटाच्या टाचेएवढा मधला भाग जांभळा. हाड तडकलंय हे परतल्यावर कळलं. ते तसंच घेऊन ती तीन दिवस चढली-उतरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका खोल दरीच्या कडेला गेलो. लोखंडी कठड्याला टेकून लोक आपापली नावं ओरडत होते आणि समोरचा कडा ती परत पाठवत होता. धाकटीनं माझं नाव ओरडलं. मी तिचं. मग आई पुढं आली, कठडा धरला आणि पोटातून ओरडली, "मर मुडद्या!"

दरीनं ते तीनदा म्हटलं. शेजारची माणसं हसली. आई पुन्हा ओरडली, आणि मग थांबेचना. माहेरच्या पाणवठ्यावर ऐकलेल्या सगळ्या शिव्या तिनं त्या दरीत घातल्या, बरगडी दाबून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. माणसं हसायची थांबली आणि बाजूला झाली. शेवटी तिचा आवाज बसला. लगेच तिनं गळ्यातल्या काळ्या पोतीला हात लावला आणि पुटपुटली, "देवा, खरं नोको करजो." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "भूक लागली."

चौथ्या दिवशी आम्ही परतलो. बाबा घरात होते. तोंड अजून सुजलेलं, डावा डोळा अर्धा बंद. अंगण झाडलेलं होतं. भात केला होता. त्यानंतर त्यांनी आईवर एकदाच हात उगारला, पुढच्या दिवाळीच्या सुमारास. ती हलली नाही, नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि तो हात त्यांनी आपल्याच डोक्यावरून फिरवून खाली आणला. मामाला त्या घरात त्यांनी पुन्हा येऊ दिलं नाही. राखीला आईच सिंदीला जायची. धाकटीची मी माफी मागितली ती फार उशिरा, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. ती म्हणाली, "कधीची गोष्ट काढून राह्यली बाई तू." पण तिनं हात भुवईवर नेला होता.

परतलो त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी ताटाकडे बघतच विचारलं, "कसं होतं?"

मग धाकटी सांगू लागली. मोटार कशी वळली, माकडांनी काय नेलं, झऱ्याचं पाणी किती गार होतं. बाबा घास थांबवून ऐकत होते. त्यांना एकेक गोष्ट खोदून विचारायची होती, ते दिसत होतं, पण त्यांनी विचारली नाही. ती बोलत असताना माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघींनी आपापली ताटं थोडी मागं ओढून घेतली आहेत, त्यांचा हात पोचणार नाही इतकी. आई म्हणाली, "भात घ्या," आणि भाताचं पातेलं तिनं जमिनीवरून त्यांच्याकडे सरकवलं.