दातात शिशाचा मणी

समस्त जलचरांस, विशेषतः भाट्याच्या खाडीत राहणाऱ्या बोय, शेंगटी, काळुंदर आदी मंडळींस या लेखाद्वारे कळविण्यात येते की, माझ्या साडूंपासून आपल्या जिवाला कसलाही धोका नाही, पूर्वीही कधी नव्हता, तरी सर्वांनी निर्धास्तपणे पोहावे. ही घोषणा करण्याचा अधिकार मला नात्याने मिळाला आहे. सासऱ्यांनी दोन मुलींसाठी दोन जावई शोधले, त्यांच्या पत्रिका मुलींशी जुळवल्या. पण या दोन जावयांचं आपसात कसं जमेल हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे दाभोळपासून राजापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर, मासे न खाणारा आणि तरीही रोज जाळं फेकल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, असा जो एकमेव माणूस देवानं घडवला, तो नेमका माझ्या वाट्याला आला.

ते जाळं म्हणजे पाग. एकट्यानं, हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला सगळीकडून शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणजे पाण्यावर पडल्यावर ते भराभर खाली बसतं. साडू सरकारी कचेरीत कारकून होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते खाडीकडे फिरायला गेले आणि कुणीतरी फेकलेला पाग हवेत फुलताना त्यांनी बघितला. झालं! त्या दिवसापासून फायली दुय्यम झाल्या. लोकांना वाटे, हा माणूस माशांच्या मागे लागलाय. साडूंना मासा नकोच होता. "मला गोल हवाय," ते म्हणत. पाण्यावर पाग संपूर्ण गोल पडला पाहिजे, कुठं चेपलेला नाही, कुठं दुमडलेला नाही, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं होतं. चुकून एखादी बोय आत आलीच, तर ते ओशाळून तिला सोडवत आणि "तू कशाला मध्ये आलीस गो बाये?" असं म्हणून पाण्यात परत पाठवत.

हा गोल त्यांना सगळीकडे दिसे. बायकोनं घावन वाढलं, की खायच्या आधी ताट फिरवून बघत आणि म्हणत, "डावीकडे जरा ओढलं गेलंय." लग्नात अक्षता पडल्या तरी नवरानवरीपेक्षा अक्षता कशा फेकल्या गेल्या याकडे त्यांचं लक्ष. पौर्णिमेला अंगणात उभं राहून "आज बरा पडलाय" असा शेरा चंद्राला मिळे. सराव अंगणात चाले. तिथं त्यांच्या पागात सापडलेला पहिला जीव म्हणजे शेजारची कोंबडी, आणि दुसरा मी. कोंबडी लवकर सुटली. मला सोडवायच्या आधी त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, कडा तपासली आणि म्हणाले, "साडूभाऊ, जरा हलू नका हो. तुमच्यावर फार सुंदर पडलाय."

आता यातली खरी गोम सांगतो. पाग फेकताना दोरी मनगटाला असते, अर्धं जाळं कोपरावर, उरलेलं हातात, आणि कडेचा एक मणी दातात. अंगाला हिसडा देऊन जाळं सोडायचं आणि नेमक्या क्षणी तोंड उघडायचं. "पाग हातानं फेकतात असं अडाण्यांना वाटतं," साडू सांगत. "पाग दातानं फेकतात." एकदा तोंड उघडायचं राहिलं, तेव्हा पागाबरोबर त्यांचा पुढचा एक दात खाडीत गेला, पण गोल चांगला पडल्यामुळे ते रक्ताळलेल्या तोंडानं हसत घरी आले. दातांना सवय राहावी म्हणून ते एक सुटा मणी कायम तोंडात ठेवत. कचेरीतले बाकीचे सुपारी चघळत, हे शिसं. स्वभाव तापट. एसटीच्या कंडक्टरशी, पोस्टातल्या बाईशी, कचेरीतल्या पंख्याशी ते सारख्याच तळमळीनं भांडत. पोटाची तक्रार तर इतकी जुनी, की घरात साखर संपलेली चालायची, इसबगोल संपलेलं चालत नसे.

त्यांना मूल नव्हतं. आमचा नंदू होता, सहा वर्षांचा. रत्नागिरीत आगगाडी यायला तेव्हा बरीच वर्षं होती आणि कौलांवर टीव्हीच्या काठ्या नुकत्या उगवू लागल्या होत्या. अशा वेळी पोरांना करमणूक म्हणजे माणसंच, आणि साडूंएवढा करमणुकीचा माणूस दुसरा कुठं मिळणार? नंदू त्यांच्या मागे सावलीसारखा असे. मागल्या पडवीत साडू स्टोव्हवर लोखंडी पळी धरून शिसं वितळवत, मणी ओतत, आणि नंदू शेजारी उकिडवा बसून तो चांदीसारखा रस डोळे मोठे करून बघे. दिवाळीला साडूंनी त्याला भेट म्हणून कपडे नाही, फटाके नाही, तर त्याच्या मापाचा छोटा पाग दिला. बारीक बारीक मणी, सगळे स्वतः ओतलेले. नंदू त्या दिवसापासून झोपतानाही एक मणी दातात धरू लागला.

आमचं पोर तोवर गरीब होतं. इतकं, की कुणी ढकललं तर तेच "लागलं का?" विचारे. दिवाळीनंतर काय झालं कळेना. आधी जेवण सुटलं, मग पोट दुखायला लागलं, मग ते चिडायला लागलं, आणि मग चावायला. शेजारची चिमी ही त्याची जिवलग मैत्रीण. तिची एक वेणी याच्या दातात अशी दोघं अंगणात गोल फिरताना आम्ही बघितली. येणारी अक्षरं विसरला. पाट्या फोडल्या. शाळातपासणीला आलेल्या साहेबांच्या विजारीला तोंड लावलं तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"तुमचा नंदू गुणी होता हो," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पण आता बाकीच्या मुलांच्या आया रोज दारात उभ्या असतात. पुढल्या वर्षी दुसरीकडे बघा. मला त्याला सांभाळता येत नाही."

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी दृष्ट काढली, कुणी हे सगळं टीव्हीमुळे होतं असं सांगितलं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. फक्त साडूंना त्यात वावगं काही दिसेना. "तेज आहे पोरात!" ते ओरडत. "सगळे मेले त्याला मेंगळट करायला बघतायत!" आणि त्यांनी स्वतःचा उपाय काढला. "मन थाऱ्यावर नाहीये त्याचं. राग आला की मणी दातात धरायचा, नंदू. बघ, राग कसा पळतो." आता दातात मणी धरलेलं मूल ओरडू शकत नाही आणि चावूही शकत नाही, हे उघड आहे. त्यामुळे उपाय लागू पडतोय असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं. पोर चिडलं की मणी तोंडात, आणि मणी तोंडात राहिला की दुसऱ्या दिवशी पोर आणखी चिडलेलं. असं चक्र चालू झालं आणि आम्ही त्याला औषध म्हणत होतो.

शिमग्याच्या सुमारास एका संध्याकाळी साडू अंगणात नंदूचा छोटा पाग फेकून बघत होते. एकदा फेकला, दोनदा फेकला. चेहरा उतरला. "एका बाजूला हलका पडतोय. यातला एक मणी गेलाय." मग नंदूकडे वळून, "मणी कुठाय रे?"

"गिळला," नंदू म्हणाला.

साडूंनी त्याला खांद्यावर टाकलं आणि ते रिक्षाकडे पळत सुटले. एका पायात चप्पल, एक पाय रिकामा. आम्ही दोघं मागून. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. काळ्या फिल्मवर, पोराच्या पोटात, तो मणी पांढराशुभ्र दिसत होता.

"हा कशाचा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिशाचा. शुद्ध. मी स्वतः ओततो," साडू अभिमानानं म्हणाले.

"आणि हा मुलगा तो तोंडात धरतो?"

"नुसता धरत नाही, उत्तम धरतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"पोट दुखतं याचं?"

"फार दुखतं हो," बायको म्हणाली.

"माझंही," साडू म्हणाले.

"शौचाला साफ होत नाही?"

"नाही होत."

"माझी तर वीस वर्षांची तक्रार आहे, डॉक्टर."

"चिडचीड करतो?"

बायकोचे डोळे भरून आले. पण तिनं तोंड उघडायच्या आत साडू कडाडले, "चिडचीड? चिडचीड कोण करतंय इथं? मी?"

डॉक्टर उठून त्यांच्यापाशी आले. "तुम्ही आ करा."

"मी? अहो, गिळलाय त्यानं!"

"तुम्ही आ करा."

साडूंनी आ केला. डॉक्टरांनी त्यांचा ओठ वर उचलला आणि आम्हाला जवळ बोलावलं. हिरड्यांच्या कडेनं, शाईनं आखावी तशी, निळसर काळी रेघ होती.

"मणी दोन दिवसांत पडेल, नाही पडला तर मला सांगा," डॉक्टर म्हणाले. "मला काळजी आहे ती इतके महिने जे चोखलं गेलं त्याची, आणि शिसं ओतताना निघतो त्या धुराची. शिसं रक्तात जातं, मेंदूपर्यंत जातं, आणि लहान मुलाला ते मोठ्यापेक्षा फार बाधतं. मूल चिडतं, मारतं, त्याचं लक्ष लागत नाही. तुम्ही म्हणत असाल पोर बिघडलं. पोर बिघडलेलं नाही, बाई. त्याच्या अंगात विष आहे."

"पहिल्यासारखा होईल ना हो?" बायकोनं विचारलं.

"लवकर कळलंय. होईल असं मला वाटतं. पण आज शब्द देत नाही. काही मुलांत थोडं मागे राहतं. वाट बघावी लागेल."

बायको उठली, साडूंसमोर उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर साडूंनी त्या आनंदानं घेतल्या असत्या, वर चार स्वतःला घालून घेतल्या असत्या. ते न बोलणं मात्र त्यांना झेपलं नाही. आणि ते न बोलणं पुढे चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साडू आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभे. आत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर जाऊन सांगितलं, "पडला." ते तिथंच चिऱ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रक्त तपासायला मुंबईला गेलं, तिथून आलेल्या उत्तरानं डॉक्टरांचं बोलणं खरं ठरवलं, आणि औषधं सुरू झाली. साडूंनी दोन्ही पागांचे सगळे मणी कापून काढले, पळी आणि स्टोव्ह घराबाहेर केले, पडवी धुऊन धुऊन तिचा गिलावा उचकटला. पुढे त्यांनी मोठ्या पागाला लोखंडी नट ओवून बघितले. एकदाच फेकला. चेपलेल्या पातेल्यासारखा पडला. त्यांनी तो घडी करून माळ्यावर टाकला आणि परत कधी त्याचं नाव काढलं नाही. औषध त्यांनाही होतं. हळूहळू त्यांचं पोट सुधारलं, आवाज उतरला. कंडक्टरनं सुटे पैसे दिले नाहीत तर "राहू द्या हो" म्हणू लागले. माझी मेहुणी सांगायची की ताटात घावन पडलं की निमूट खातात. तिला ते बघवत नसे. मलाही नाही. ज्या माणसाच्या आरडाओरड्याला आपण आयुष्यभर हसलो, तो एक दिवस हळू बोलायला लागला, की आपलंच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

कचेरीतून येताना ते रोज आमच्या गडग्यापाशी थांबत. छत्री बगलेत. मी पायरीवर असलो तर एकच शब्द विचारत, "आज?" मी सांगे, "आज पाटी फोडली." किंवा, "आज बाईंना चावला नाही, पण बेंचला चावला." ते मान हलवून निघून जात. बायको आतून ऐके आणि भांडी आपटे. उन्हाळा गेला, पाऊस गेला. बाईंनी नंदूला अजून काढलं नव्हतं. "दसऱ्यापर्यंत बघते" म्हणाल्या होत्या. तो जेवायला लागला होता, अक्षरं एकेक करून परत येत होती. पण हात? ते कुणावर कधी उठतील, याचा आम्हाला भरवसा नव्हता.

नवरात्रातल्या एका संध्याकाळी अंगणातून भोकाड ऐकू आलं. चिमीची दुसरी वेणी गेली असं धरूनच आम्ही धावलो. पण चिमी ठणठणीत, कमरेवर हात ठेवून उभी होती. रडत होता तो नंदू. गालावर नखांचे ताजे ओरखडे.

"हिनं मारलं!"

"आणि तू काय केलंस?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. मी म्हटलं, मला पण खेळायला घे."

बायकोनं त्याचा गाल पदरानं पुसला. मग चिमीकडे बघितलं, अशा नजरेनं की चिमीला कौतुकाचा लाडूच मिळायचा बाकी राहिला. मग पोराला माझ्या कडेवर लोटून ती अनवाणी गडग्याकडे पळाली. पलीकडे छत्री बगलेत धरून साडू तेवढ्यात येऊन थांबले होते, त्यांना बघताच, इतके महिने धरलेलं मौन कुठल्या कुठं फेकून, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ती ओरडली, "भाऊजी, अहो भाऊजी, आमचा नंदू आज मार खाऊन आला!"