तळघरातला माग

आमच्या अम्मानं तळघर कसं सुधारलं, हे मी सांगायला लागले की आमची सूनबाई हसते. हसू दे. तिच्या घरातला खिळासुद्धा सुतार येऊन ठोकतो.

सोलापुरात आमचं विणकराचं घर. घरात बोलणं तेलुगू, म्हणून आई ती अम्मा आणि वडील ते नायना. मी लहान असताना नायना दोन वर्षं गिरणीत होते. तिथली कापसाची धूळ छातीत बसली आणि असा खोकला लागला, की बोलता बोलता भिंत धरायचे. मग घरीच हातमाग टाकला. पण डोक्यावर पत्रा आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा! सूत कोरडं पडून तटातट तुटायचं. दिवसभर नुसत्या गाठी मारायच्या, लुगडं काही पुढं सरकायचं नाही. गिरणीत माणसं भरणारा जॉबर मागं लागलेलाच होता. शेवटी कंटाळून म्हणाले, "जॉबर बोलावतोय. जातो परत गिरणीत."

"तिथं गेलात तर पुढच्या उन्हाळ्याला तुम्ही नसाल," अम्मा म्हणाली. "मला आठ दिवस द्या."

घराखाली एक तळघर होतं. आधीच्या मालकानं धान्यासाठी केलेलं, उभं राहिलं तर डोकं आपटेल इतकं बुटकं. आम्ही त्यात गोवऱ्या टाकायचो. पण ते थंड होतं, ओल धरून होतं. आणि खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीवर बसतो, पाय तेवढे खड्ड्यात सोडतो. त्याला उंची हवी कशाला? गल्लीत एवढे पिढीजात विणकर, पण एकाच्या तरी हे डोक्यात यावं! आलं ते अम्माच्या.

तिनं पदर खोचला. गोवऱ्या उपसल्या, पहारीनं खड्डा खणला, पाट्या भरभरून माती वर आणली. समोरच्या अव्वा ओट्यावरून कानडी हेलात विचारायच्या, "काय गं, नवऱ्याला पुरतीस काय?"

"न्हाय हो अव्वा, वाचवते की!" अम्मा पाटी रिकामी करत म्हणायची.

उजेडासाठी तिनं गल्लीकडच्या जोत्यातले दोन दगड काढून झरोका केला. घासलेटचा डबा कापला, पत्रा राखेनं घासून लख्ख केला आणि झरोक्यात तिरपा बसवला. ऊन त्यावर पडून सरळ आत यायला लागलं. तरी कमी पडेल म्हणून भिंतींना चुना दिला, आणि त्याच भरात जमिनीलाही. तळघर नुसतं झगझगलं! आम्ही सगळे खूश.

नायनांनी माग खाली उतरवला, विणायला बसले आणि थोड्याच वेळात डोकं धरून वर आले. खाली पांढरी जमीन, तिच्यावर पांढऱ्या सुताचा ताणा. तुटलेला धागा दिसणार कसा? विणकराची बायको असून हे कळू नये! अम्मा पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. सहा दिवस संपले होते. मला तर गिरणीचा भोंगाच ऐकू यायला लागला.

नायनांनी तिची समजूत घातली नाही. ते शेण घेऊन आले, त्यात कोळशाची पूड कालवली, खाली उतरले आणि स्वतःच जमीन सारवायला बसले. पुरुषमाणूस सारवतोय हे आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. अम्मानं वरून डोकावलं आणि रडं विसरून ओरडली, "अगंबाई, हात फिरवायची ही काय रीत? सरका तिकडं!" मग दोघांनी मिळून जमीन काळीभोर केली. मला माझ्या आईबापांचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

आठव्या दिवशी सकाळी जॉबर दारात हजर. "हायत का घरात? चला म्हणावं, जागा रिकामी हाय."

"घरात नाहीत," अम्मा म्हणाली. "कामावर गेलेत."

"कामावर? कुठल्या गिरणीत?"

त्याच्या पायाखालून खटक खट, खटक खट आवाज येत होता. न थांबता, न अडखळता. त्यानं आधी जमिनीकडं पाहिलं, मग अम्माकडं.

"दुपारी जेवायला वर येतील," अम्मा म्हणाली, "तेव्हा भेटा."