आकडा उणे अठरा

वर्षभराचा आमरस आम्ही पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवतो. त्या वर्षी पिशव्या मऊ पडायला लागल्या. फ्रीजरवरचा आकडा मात्र कायम उणे अठरा. यंत्र ठीक आहे म्हणजे चूक माणसाची, असं मी धरून चालले. मी शाळेत शिकवायला गेले की ब्राह्मणपुरीच्या घरात एकट्या सासूबाईच असत.

"आई, झाकण नीट लावत जा ना."

"लायेल व्हतं, बेटा."

गॅसवरचं दूध त्या दोनदा विसरल्या होत्या, त्यामुळे मला खरं वाटेना. एका सकाळी मी त्यांच्यादेखत झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी कुलूप काढलं. वरचीच पिशवी दाबली, तर बोट आत रुतलं. दिवसभर कोणी झाकणाला हात लावला नव्हता, आणि आकडा तोच. मी विज्ञान शिकवते. आधी तपासा, मग बोला, असं मुलांना रोज सांगते. त्या पिशवीपाशी उभी राहून मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शहाद्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने आतल्या भिंतीतून एक बारीक वायर ओढून काढली. तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा सेन्सर होता. त्याने ग्लासभर पाणी आणि भरपूर बर्फ मागितला आणि सेन्सर त्यात बुडवून ठेवला.

"आता शून्याच्या आसपास दाखवायला पाहिजे," तो म्हणाला.

आकडा आला उणे चौदा.

"सेन्सर खराब आहे, ताई. गारठा झाला नसताना झाला म्हणून सांगतो, मग मशीन पुरेसं गार होण्याआधीच थांबतं."

नवा सेन्सर बसला आणि मशीन जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलंच नाही.

"आई, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी फ्रीजरच्या झाकणावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माले वाटनं, मन्हंच डोकं फिरी गयं. तू गयी का मी धा डाव झाकन दाबी दखू."

दहा-दहा वेळा झाकण दाबून पाहूनही खात्री वाटेना, म्हणून डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं का, असं त्या शेजारणीला विचारूनही आल्या होत्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारी ती शेजारीण आली. सासूबाईंनी तिला ग्लासातल्या बर्फाची हकीकत अगदी रंगवून सांगितली. मी आत चहा करत ऐकत होते. त्या सगळ्या हकिकतीत माझं कुलूप किंवा माझं नाव त्यांनी कुठेच येऊ दिलं नाही.