चाड्यावरचा हात

मी फारसा बोलणारा माणूस नाही. ही गोष्ट तर घरातही कधी काढली नाही. आता सत्तरी ओलांडली, तेव्हा लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकात जालन्याला मी एका छोट्या बियाणे कंपनीत कारकून होतो. कंपनी म्हणजे पत्र्याचं गोदाम, पुढे दोन खोल्यांचं ऑफिस आणि बी निवडणाऱ्या बाया. हायब्रीड ज्वारी तेव्हा नवी होती. आदल्या साली गावातल्या एका दुकानदाराचं बी उगवलं नाही, तर शेतकरी त्याच्या दुकानाची पाटीच काढून घेऊन गेले. आमच्या शेठनी त्याचा धसका घेतला.

"आपल्यावर ही वेळ आली तर गडबड नको. आत्तापासून सवय करा," ते म्हणाले, आणि मे महिन्यात दर शनिवारी दुपारी आमची तालीम सुरू झाली.

नियम शेठचे: पहिलं पाणी, मग खुर्ची, मग कान, तोंड सगळ्यात शेवटी. शेतकऱ्याला विचारायच्या प्रश्नांची यादी माझी: पाऊस किती झाला होता? बी किती खोल पडलं? चाड्यावर कोण होतं? पेरायच्या तिफणीवर चाडं म्हणजे लाकडी वाटी असते; तिच्यात मुठीनं बी सोडायचं काम बहुतेक बायांकडे असायचं. मूठ आवळली की तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, रिकामे जातात. या यादीचा मला अभिमान होता. आमची चूक निघेल असा एकही प्रश्न तिच्यात नव्हता.

चिडलेला शेतकरी व्हायच्या मावशी, बी निवडणाऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या. शेठचाच टॉवेल डोक्याला गुंडाळून दारातून ओरडत यायच्या.

"ओ शेठ! बी इकलं का खडे इकले? पाणी नको मला तुमचं!"

"मावशी, पाणी प्यावं लागतं. नियम आहे."

"मंग गार तरी आना!"

सगळे लोटपोट. मग त्या माझ्यावर बोट रोखायच्या. "ए वहीवाल्या! माझ्यासमोर भिजव बी! माझ्यासमोर मोज!"

हशा आणखी वाढायचा. मी मात्र वही खणात सरकवायचो.

कारण असं. प्रत्येक लॉटचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच दिवस ओल टिकवायची, मग कोंब मोजून आकडा वहीत लिहायचा. ते काम माझं. एका लॉटच्या वेळी बदनापूरला मावसभावाचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी गेलो आणि चार दिवस जेवत राहिलो. परत आलो तर गोणपाट वाळून पापड झालेलं. पुन्हा पाच दिवस कोण थांबणार? मी वरच्या ओळीतला आकडा पाहिला आणि खाली तोच लिहिला, शहाऐंशी. ते वाळकं गोणपाट झटकून मावशींनीच बाहेर टाकलं होतं.

पेरण्या झाल्या आणि एक दिवस केदारखेड्याचा एक शेतकरी आला. आमची तयारी इतकी जय्यत की तिघांनी एकदम पाणी आणलं. बिचाऱ्यानं तिन्ही पेले संपवले. ओरडला मात्र नाही.

"साहेब, तास रिकामे दिसून राह्यले. माझंच काही चुकलं का?"

न चिडणाऱ्या माणसाची तालीम आम्ही केलीच नव्हती. मी यादी काढली. "चाड्यावर कोण होतं?"

"घरचीच होती."

"मग मूठ आवळली असेल."

"असंल बा," तो म्हणाला, आणि माझेच आभार मानून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तो दहा पावलं मागे.

"दहा जणांच्या वावरात चाड्यावर मला बोलावतेत, दादा. आता सासू म्हनती, उद्यापासून चाड्याला हात लावायचा न्हाई." तिनं पदराची गाठ सोडली. "हे राह्यलेलं बी. माझ्यासमोर भिजवा."

एकानं मावशींच्या कानात विचारलं, "तुमची बहीण का हो?" मावशी हसल्या नाहीत. शेठनी स्वतः गोणपाट भिजवलं. पाच दिवसांनी ती परत आली, तेव्हा शंभरात नऊ कोंब निघाले.

शेठ माझ्याकडे वळले. "वहीत काय आहे?"

"शहाऐंशी."

"मग गोदामात ओल लागली असणार," ते म्हणाले. मी मान हलवली.

नवी पिशवी घेऊन त्यांनी मलाच केदारखेड्याला पाठवलं. सासूपुढे उभं राहून मी सांगितलं, "ताईंचा हात बराबर होता." म्हातारीनं गुळाचा चहा केला. निघताना बाईनं विचारलं, "मंग कोणाचं चुकलं, दादा?"

"गोदामाला ओल लागली."

"गोदामाला सांगा, पुढच्या साली सांभाळून ऱ्हाय म्हनावं." ती खळखळून हसली. एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभाच आलो.

शेठ खूश होते. पाटी जागेवर राहिली, तालमीचा फायदा झाला. पुढच्या मे महिन्यात मावशी म्हणाल्या, "अवंदा शेतकरी हेच होतील. यांना सारं माहीत हाय."

टॉवेल माझ्या डोक्याला आला. मी दारातून ओरडत आत शिरलो. "ओ शेठ! तुमच्या कारकुनानं बी तपासलंच नाही! लग्नात जेवत बसला, आणि वहीत वरचा आकडा खाली उतरवला!"

टाळ्यांचा कडकडाट. "अस्सल!" शेठ म्हणाले. "आता बोला, असा माणूस समोर आला तर काय कराल?"



"पहिलं पाणी," मावशी म्हणाल्या. पेला त्यांनीच माझ्या हातात दिला आणि रिकामा होईस्तोवर समोरून हलल्या नाहीत. त्या सालापासून गोणपाट मी रोज तीनदा भिजवलं. पण केदारखेड्याला पुन्हा काही गेलो नाही.

गोदाम कोरडं ठणठणीत होतं, ताई.