एलिएसेरचा हेवा

कामागुएय शहरात आमच्या गल्लीत एलिएसेर न्हाव्याचं दुकान आहे. बायको गेल्यावर त्यानं लेकीला, मायलिनला, एकट्यानं वाढवलं. तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. सहाव्या वर्षी पोरगी जिम्नॅस्टिक्सला जायला लागली आणि घरात तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचं एकच नाव घुमू लागलं. "बाबा, ओदालिसबाई म्हणतात, पाठ ताठ ठेव." "बाबा, ओदालिसबाईंनी घातलेली वेणी सुटतच नाही!"

मग क्रीडाशाळेचं पत्र आलं. मायलिनला स्पर्धेच्या तुकडीत घ्यायचं होतं, रोज चार तास सराव.

"नाही म्हणजे नाही," एलिएसेर म्हणाला. "तिची मनगटं नाजूक आहेत."

मी शेजारीण, तोंडावर बोलले, "मनगटांचं राहू दे रे, त्या बाईवर जळतोयस तू."

तो फणफणत सरावाच्या ठिकाणी नकार द्यायला गेला. नेमकी तेव्हाच मायलिन कसरतीच्या अरुंद तुळईवरून पडली. तो धावला, पण पोरीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवताच ती पुन्हा वर चढली.

"फार लहान आहे हो ती," तो कसाबसा म्हणाला.

"मीही शाळेला तेच कळवलंय," ओदालिसबाई म्हणाल्या. "अजून दोन वर्षं आठवड्यातून तीनदा नुसतं खेळू दे. स्पर्धेचं मग तिलाच विचारू."

संध्याकाळी मी विचारलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं," तो वस्तरा पुसत म्हणाला. "पण तेही त्या बाईनंच आधी ठरवलं होतं."