कट्ट्याच्या कोंबड्या आणि माझी रुसलेली पेशी

मालवणला जायचं ठरलं ते वैतागून. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. कोल्हापुरात मी कोंबडीच्या मेंदूवर पीएचडी करत होते. एक जनावर दुसऱ्याला ओळखतं तेव्हा मेंदूतली पेशी काय करते, हा प्रश्न. कोंबडीच्या डोक्यात केसाहून बारीक तार, तार स्पीकरला जोडलेली; पेशी चेतली की टकटक ऐकू यायची. म्हणजे, यायला हवी होती! मी दिवा दाखवला, दाणे दाखवले, स्वतःचं तोंड दाखवलं. पेशी ढिम्म. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर विषय बदला." दोन वर्षं पाण्यात जाणार होती. लॅबमधली नलिनी म्हणाली, "चार दिवस आमच्या गावी, मालवणजवळ कट्ट्याला चल. डोकं तरी थंड होईल."

सकाळची एसटी धरली. फोंडा घाटात पोट हलकं ठेवा, हा अनुभवाचा सल्ला. कणकवलीला गाडी बदलली आणि कसालवरून कट्ट्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी मालवण: होडीने किल्ला, मग सात रुपयांत बांगड्याचं जेवण. सोलकढीच्या दोन वाट्या मागून प्यायले, तिसरी न मागता आली.

तिसऱ्या दिवशी मात्र मी घोळ घातला. नलिनीच्या आईने, काकींनी, नवी कोंबडी अंगणात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली ठेवली होती. बाकीच्या भोवती फिरत फटींतून डोकावत होत्या. मला दया आली, मी डालगं उचललं. अगं बाई! साऱ्याजणी तिच्यावर तुटून पडल्या.

काकी धावत आल्या. "अगो, ह्या काय केलंस? वळख खंय झाली तेंची अजून? तीन दिस फटीतून एकमेकींक बघूक व्हया, मगे सोडूची!"

ओशाळून मी माझं रडगाणं ऐकवलं. काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तुझी कोंबडी पिंजऱ्यात एकटीच आसा मा? मगे ती वळखतली कोणाक? तुका?"

दोन वर्षं ओळख शोधत होते आणि माझ्या कोंबडीला दुसरी कोंबडी म्हणून दाखवली नव्हती! लाज वाटली, आणि खरं सांगते, आनंदही तेवढाच झाला. परतीच्या गाडीत घाटाकडे लक्षच नव्हतं.

कोल्हापुरात पोचताच बाजारातून अनोळखी कोंबडी आणून पिंजऱ्यासमोर धरली. स्पीकरमधून लाह्या फुटायला लागल्या! सर चहाचा कप घेऊनच धावत आले. "एका पेशीवर नाचू नका," म्हणाले, "पण विषय राहू द्या."

मग दोघींना जाळीआडून शेजारी ठेवलं. चौथ्या सकाळी पाहुणी समोर धरली तर स्पीकर गप्प. सरांना वाटलं, तार सुटली. मी धावत जाऊन तिसरीच कोंबडी आणली. लाह्या! पुन्हा पहिली पाहुणी धरली. शांत. तिची ओळख झाली होती!

ज्या गप्पपणाला दोन वर्षं शिव्या घातल्या, त्याच गप्पपणाचे त्या दिवशी अख्ख्या लॅबला पेढे वाटले.