रोडक्या बाळांची दवंडी

“तराजूत घालायला माझं पोर काय वांगं आहे का गं?”

खिडकीखालून आवाज आला आणि पाठोपाठ तीन-चार जणींचं हसणं. मी आत काट्याच्या ताटलीवर दुपटं पसरत होते. तसं पाहिलं तर पसरायचं काही कारण नव्हतं. सकाळपासून त्या ताटलीवर कोणीच झोपलं नव्हतं.

मी नगरपालिकेची हेल्थ व्हिजिटर. ज्या घरी बाळ जन्मतं त्या घरी जायचं, आईला आंघोळीचं, दुधाचं, कपड्यांचं चार शब्दांत सांगायचं, आणि दर मंगळवारी बाळाला केंद्रावर बोलावून वजन करायचं, हे माझं काम. वजनाचा ठिपका एका तक्त्यावर मांडायचा. त्याला वेट चार्ट म्हणतात. ठिपके जोडले की रेघ होते. रेघ चढत असली की बाळ ठीक आहे. रेघ आडवी झाली की लगेच चौकशी करायची, कारण बाळ खंगतंय हे आईच्या नजरेला दिसायच्या आधी काट्याला कळतं. एवढंच शास्त्र. पण त्यासाठी बाळ काट्यावर यावं लागतं.

केंद्र म्हणजे तांबट आळीतली एक खोली. दिवसभर आजूबाजूला भांड्यांवर ठोके पडत असतात. नवं माणूस दोन वाक्यं बोलून गप्प होतं. मला त्याचा त्रास झाला नाही. माझं सगळं शिक्षण मुंबईला कॉन्व्हेंटात, इंग्रजीत झालं. घरी मराठीच बोलत होते, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि जुळेपर्यंत समोरची बाई निघून जाई. ठोक्यांमुळे मी गप्प आहे असं लोकांना वाटे. मला ते सोयीचं होतं.

त्या आठवड्यात बेबी वीक होता. गावोगाव तो भरतो: व्याख्यानं, तक्ते, आणि शेवटच्या दिवशी सुदृढ बालकांचं प्रदर्शन. सर्वांत गुटगुटीत बाळाला आरोग्य कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब आपल्या हातानं चांदीची वाटी देणार होते. तशी दवंडीही पिटून झाली होती. आमचे हेल्थ ऑफिसर डॉक्टर खरे यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “मिस कर्णिक, रावसाहेब प्रदर्शनाला येतील तेव्हा खोली भरलेली दिसली पाहिजे. जकातवाल्यांना सामान ठेवायला जागा हवी आहे. त्यांचा डोळा ह्याच खोलीवर आहे.”

खोली गेली की केंद्र गेलं, आणि माझी रवानगी मुंबईला मावशीकडे. मावशीनं दोन स्थळं हेरून ठेवली होती.

पण मला त्या स्थळांपेक्षा सरूची काळजी जास्त होती. सरू आळीतल्याच एका तांबटाची सून. मी घरी गेले की ती बाळाला पदराखाली घ्यायची. एकदा पदर सरकला तेव्हा मला बाळाचं मनगट दिसलं. माझ्या अंगठ्याएवढं होतं ते. केंद्रावर ये म्हटलं तर म्हणाली, “तिथं गुटगुटीत पोरांच्या रांगेत ह्याला कसं नेऊन ठेवू, बाई? लोक माझ्या तोंडाकडे बघतील.”

तर, प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी मी रिकाम्या काट्याजवळ उभी होते. करायला काही नव्हतं म्हणून ऐकत होते. मला ऐकायला आवडतं. त्यात वाक्य जुळवावं लागत नाही.

वांग्याचं बोलली ती काशीबाई. तिचं बाळ मी रस्त्यात पाहिलं होतं. मांड्यांना वळ्या, गालांमुळे डोळे बारीक झालेले. कोणीतरी म्हणालं, “पण तुझं पोर नेलंस तर वाटी तुलाच की गं!”

काशीबाई एकदम भडकली. “अगं, काहीतरी काय बोलतेस! कुठलं आलंय? नुसतं वाळून गेलंय. रात्री तर दूधसुद्धा घेतलं नाही.” मी खिडकीतून हळूच डोकावले, तर तिनं पायरीवरच पोराच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्याच्या गालावर आणखी एक तीट लावली.

दुसरी म्हणाली, “आमचंही तसंच. काडी झालीय नुसती.” ती काडी आईच्या कडेवर मावत नव्हती.

मग माझ्या ध्यानात आलं. बायका काट्याला भीत नव्हत्या. भर प्रदर्शनात कोणी आपल्या पोराला गुटगुटीत म्हणेल, आकडा पुकारेल, आणि शंभर नजरा त्याच्यावर पडतील, ह्याला भीत होत्या. आमच्या दवंडीनं नेमकं तेच कबूल केलं होतं. ज्यांची पोरं चांगली, त्या दृष्टीच्या भयानं घरी. ज्यांची रोड, त्या लाजेनं घरी. मग येणार कोण?

डॉक्टरांशी मी इंग्रजीत बोलत असे. इंग्रजीत माझी जीभ अडत नाही. मी सरळ ऑफिसात गेले.

“डॉक्टर, दुसरी दवंडी द्यायला हवी.”

“काय म्हणून?”

“ज्यांची बाळं बाळसं धरत नाहीत त्यांनीच यावं, अशी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “अहो, हे सुदृढ बालकांचं प्रदर्शन आहे. उद्या रावसाहेब ती वाटी सुकलेल्या पोरांना वाटत बसतील का?”

“सुकलेली फार येणार नाहीत. गावातली सगळी गुटगुटीत येतील.”

“आणि हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. मी ऐकलं.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हसायला लागले. त्यांना स्वतःचा धाकटा मुलगा आठवला असावा. “आमच्या घरी दृष्ट लागू नये म्हणून आईनं धाकट्याला वर्षभर ‘दगड्या’ अशी हाक मारली,” ते म्हणाले. “पाठवा धोंडीबाला.”

धोंडीबा आमचा दवंडीवाला. जन्मभर डफडं वाजवून त्यानं लिलाव, टोचणी, नळाचं पाणी बंद, सगळं सांगितलं होतं. ही दवंडी ऐकून त्यानं कान टवकारले. “बाई, हे उलटंच हाय की. रोडकं पोर घेऊन या असं आजवर कुनी म्हनलं नाय.”

“म्हणा तर खरं.”

“म्हनतो. पन जरा मीठमसाला घालून म्हनतो.”

आणि घातलाही. पंचवटीपासून चौक मंडईपर्यंत त्याचा आवाज ऐकू आला म्हणे: “ऐका हो ऐका! जिचं पोर खात नाय, पीत नाय, बाळसं धरत नाय, हाडाची काडं झालीत, त्या माउलीनं उद्या तांबट आळीत यावं हो! वजन फुकाट, औषध फुकाट! कुनी कुनाच्या पोराला नावाजनार नाय हो!”

शेवटचं वाक्य माझं नव्हतं. पण त्यानंच काम केलं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडायला गेले तेव्हा रांग तांबट आळीच्या तोंडापर्यंत पोचली होती. तांबटांनी ठोके थांबवले होते. बायकांच्या गलक्यापुढे त्यांचा इलाज चालेना. एवढी गुबगुबीत बाळं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या गालाला तीट, दंडाला काळा दोरा, नाहीतर गळ्यात तावीज. आणि प्रत्येक आई दुसरीपेक्षा दुःखी.

“बघा ना बाई, अंगावर मांस म्हणून नाही.”

“ह्याच्या अंगावर निदान कातडी तरी आहे. आमचा बघा.”

चौक मंडईतल्या टांगेवाल्याची बायको अमीनाबी दोन्ही हातांनी पोर उचलून काट्यापाशी आली. “क्या बोलूँ बाई, रातदिन रोताय, कुछ खाताच नै. देखो कैसा सूख गया.” पोराला ताटलीत ठेवलं तर ताटली खटकन खाली गेली. पोर खदखदून हसलं. अमीनाबीनं घाईनं त्याच्या तोंडावर ओढणी टाकली.

मी आकडा मोठ्यानं म्हणत नव्हते. मुकाट्यानं ठिपका मांडत होते. न बोलण्याची माझी सवय पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. अमीनाबी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “अच्छा है ना?” मी मान हलवली. ती वळली आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, “बाई बोली, बहोत कमजोर है!”

काशीबाईही आली. मला बघून जरा ओशाळली, पण पोराला स्वतःच काट्यावर ठेवलं.

दुपारी रांगेच्या शेवटी सरू दिसली. कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. जिथं सगळ्यांचीच पोरं रोड, तिथं तिचं एक पोर कोण बघणार? काशीबाईनं तर तिला पुढं ढकललं. “जा गं, तुझं-माझं सारखंच.”

वजन खरोखरच कमी होतं. मी दुधाबद्दल विचारलं. अंगावरचं पुरत नव्हतं, म्हणून सरू गायीचं देत होती. पण जड पडेल ह्या भीतीनं त्यात इतकं पाणी घालत होती की दूध नावालाच उरे. डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं. आजार काही नव्हता. पोर उपाशी होतं. किती दूध, किती पाणी, ते मी तिला भांड्यात मोजून दाखवलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, “मंगळवारी येऊ ना?”

तेवढ्यात रावसाहेब आले. पगडी, उपरणं, मागून पट्टेवाल्याच्या हातात मखमलीवर वाटी. भरलेली खोली बघून ते खूष झाले. काट्यामागे उभे राहून त्यांनी बायकांवरून नजर फिरवली.

“वा! काय एकेक बाळ! डॉक्टर, छाती भरून आली.”

खोलीतला गलका बंद झाला. पदर सरसर पुढे आले. दाराजवळच्या दोघी पायरी उतरल्या.

“बाई, वजनं तुम्ही घेतलीत ना?” रावसाहेब माझ्याकडे वळले. “सांगा मोठ्यानं, सर्वांत गुटगुटीत कोणाचं?”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. काशीबाई बघत होती. सरूनं बाळाला छातीशी धरलं होतं. नाव घेतलं असतं तर त्यांतली एकही पुन्हा आली नसती. न घ्यावं, तर ती वाटी आणि ती खोली, दोन्ही रावसाहेबांच्याच हातात होती.

खोली आमच्याकडेच राहिली, हे सांगून टाकते. मंगळवारी आता गर्दीमुळे आळीत टांगा वळत नाही. सरूच्या बाळाची रेघ चढते आहे; मनगटाला वळी पडली म्हणून ती परवा फार काळजीत असल्यासारखं दाखवत होती. वाटी रावसाहेबांनी केंद्रालाच दिली; तिच्यात आम्ही बोरिक पावडर ठेवतो. आणि मी एवढं शिकले, की लोक येत नसले तर पुन्हा हाका मारण्याआधी थोडं खिडकीपाशी उभं राहावं.

पण त्या वेळी हे काहीच ठाऊक नव्हतं. ठोके बंद होते, त्यांच्या आड लपायची सोय नव्हती. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. माझं मलाच ऐकू आलं, चांगल्या खणखणीत मराठीत:

“रावसाहेब, ह्यांत एकही बाळ गुटगुटीत नाही. सगळी अगदी रोड आहेत. दर मंगळवारी आणल्याशिवाय सुधारायची नाहीत!”